ऑटोमॅटिक फायरमन

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली ओढला आणि कॉम्प्युटरच्या पडद्याला नाक टेकेल इतके ते पुढे वाकले.

"फावडं कुठंय?"

"त्याची गरजच नाही, मामा." भाचीनं पडद्यावरच्या एका चौकोनावर बोट ठेवलं. शेजारी लिहिलं होतं, ऑटोमॅटिक फायरमन. "कोळसा आपोआप पडतो."

खुर्चीत बसलेले दाजी, म्हणजे भाचीचे वडील, खो खो हसले. सगळी नोकरी दोघांनी वाफेच्या एकाच इंजिनावर काढली होती. दाजी ड्रायव्हर, मामा भट्टीत कोळसा टाकणारे फायरमन.

"बघ मेहुण्या! ना रजा मागतो, ना कुरकुरतो. असा मिळाला असता तर माझ्या डोक्यावर चार केस राहिले असते."

मामाही हसले. मग फडकं उचलून बाहेर शेडमध्ये गेले.

तिथे खरं इंजिन थंडगार उभं होतं. बॉयलर गंजल्यापासून ही म्हातारी जागची हलली नव्हती. भाचीनं तिचं हुबेहूब रूप कॉम्प्युटरवर उभं केलं होतं. रेल्वे चालवण्याच्या खेळात जोडायला लोक ते विकत घेत आणि त्या पैशांवर खऱ्या बॉयलरच्या दुरुस्तीचं काम चाललं होतं. जिला कधी पाहिलंही नाही अशा म्हातारीला कुठली कुठली माणसं जगवत होती. त्यांचे उपकार कसे फेडावेत, हे मामांना कळत नसे. पण त्या माणसांना इंजिनावरचा ड्रायव्हर तेवढा कळणार होता. भट्टीपाशी आणखी एक माणूस भाजून निघत असे, हे कुणाच्या गावीही नसणार, आणि ते मामांच्या जिव्हारी लागलं होतं.

पितळ घासता घासता त्यांचे कान उभे राहिले. खिडकीतून खेळातल्या इंजिनाचा आवाज येत होता. धापा लांबत चालल्या होत्या. आग बसत होती.

"बसू दे," मामा पुटपुटले आणि घासत राहिले. पण आणखी दोन धापा ऐकवल्या नाहीत. ते तरातरा आत गेले. पडद्यावर गाडी ऐन चढावर अडली होती.

"काय केलंत हो, दाजी?"

"त्याला काढून टाकला."

"कुणाला?"

"त्या ऑटोमॅटिकला. बोलतच नाही रे तो. मी तीनदा चुकलो, तरी तोंडातून अक्षर नाही. तू असतास तर कोकलला असतास."

"तुम्ही ऐकत होतात थोडेच!"

"ऐकत नव्हतो." दाजींनी पडद्यावरची नजर काढली नाही. "गाडी वेळेत पोचली की लोक मला हात जोडायचे, आणि मी ते खुशाल घ्यायचो. तुझ्या जिवावर चढलो रे सगळे चढ. तेव्हाच म्हणायला हवं होतं."

मन भरून आलं की मामा खेकसत, तसेच आताही खेकसले.

"सरका तिकडे. कोळशाचं बटण कुठलं गं?"

भाचीनं दाखवलं. एका कीबोर्डवर दोघे बसले. कोपराला कोपर लागलं आणि भांडण सुरू झालं.

"अहो, वाफ उधळू नका!"

"तू आग बघ, मी गाडी बघतो!"

वाफेच्या दाबाचा काटा हळूहळू वर सरकला. म्हातारीनं एक हिसका दिला आणि ती चालू लागली.

चढाच्या माथ्यावर फाटक आलं. दाजींचा हात सवयीनं शिट्टीच्या बटणाकडे गेला आणि मध्येच थांबला. शिट्टीची दोरी ड्रायव्हरच्या बाजूला असे. सबंध नोकरीत मामांनी तिला हात लावला नव्हता. दाजी लावू देतच नसत.

"मार तू," दाजी म्हणाले.

मामांनी बोट पँटला पुसलं आणि बटण दाबलं. फाटक मागे गेलं, पुढचं वळणही मागे गेलं.

"मामा, पुरे आता, सोडा," भाची म्हणाली.

"दाबू दे गं त्याला," दाजी म्हणाले.