माझ्यातलंच मीठ

मी मिठाची बरणी बोलतेय. सोचिमिल्को गावात, कालव्याकाठच्या हेर्मेलिंदाच्या स्वयंपाकघरात, चुलीशेजारच्या फळीवर मी वीस वर्षं बसले होते. मातीची, हिरव्या झिलईची, एका कानानं तुटकी. माझं झाकण कधीच फुटलं. नवं बरीच वर्षं कुणी केलं नाही, कारण घाईत हात घालायला उघडं तोंड सोयीचं पडायचं. गोड लागेल अशी माझी गोष्ट नाही. माझ्यातल्या मिठानं एक जीव गेलाय.

हेर्मेलिंदाचे वडील तिबुर्सिओ. तरुणपणी ते कालव्यात जाळं टाकून अहोलोते धरायचे. अहोलोते म्हणजे पाण्यातला चार पायांचा जीव. मानेपाशी पिसांसारखे कल्ले, आणि म्हातारा झाला तरी रूप पोराचंच. आता कालव्यात औषधालाही सापडत नाहीत. बायको गेल्यापासून म्हातारा घुम्यासारखा बसून असायचा. एकदा डोंगरापलीकडच्या लेर्माच्या बाजारातून तो पिशवीभर पाण्यात दोन पिल्लं घेऊन आला आणि त्याची जीभ सुटली.

काचेची टाकी माझ्या शेजारीच आली.

"हा काळा, प्रिएतो. आणि ही मोचा, थोटी. डावा पंजा बघ, चाराऐवजी तीनच बोटं. भावानंच चावलंय."

"आबा, त्यांना भरवता तेवढं स्वतः खाल्लंत तर बरगड्या झाकतील!" हेर्मेलिंदा म्हणायची.

"ती उलट बोलत नाहीत. म्हणून भरवतो."

पावसाळा सरता सरता मोचाचे कल्ले आखडले. शेपटीचा पडदा विरला, अंग काळवंडून त्यावर पिवळे ठिपके उमटले, डोळे वर आले. सारखी वर येऊन हवा गिळायची, काचेला पंजे लावून उभी राहायची.

"आजारी पडली माझी पोर," म्हातारा म्हणाला. अहोलोते आजारी पडला की पाण्यात मीठ घालायचं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यानं माझ्यात हात घातला. एक चिमूट, दुसऱ्या दिवशी आणखी एक. वर टाकी काठोकाठ भरली. लेर्माकडची पिल्लं मोठी झाली की पाणी सोडतात, हे जन्मभर सोचिमिल्कोत जाळं टाकणाऱ्याला कुठून कळणार? मला तरी कुठे कळलं? माझ्यातलं मीठ आपलं विरघळत राहिलं.

एका सकाळी म्हातारा देवळात गेला होता. टाकी तुडुंब, मोचा काठावरून बाहेर आली, पटकन खाली पडली आणि ओल्या फरशीवरून सरपटू लागली. तेवढ्यात हेर्मेलिंदा आत आली.

"अगं बाई! ओली पाल!"

ओली पाल विषारी, बायकांच्या घागऱ्यात शिरते, दिसताक्षणी मीठ टाकून मारावी, असं इथल्या आया लेकींना सांगतात. हेर्मेलिंदानं न बघता माझ्यातलं मूठभर मीठ फेकलं. ते अंग पिळवटलं, गोळा झालं, थांबलं.

केरसुणीनं सुपलीत ओढताना तिला डावा पंजा दिसला. तीन बोटं. तिनं टाकीकडे बघितलं. आत एकच.

मोचाला तिनं वाफ्यातल्या चिखलात पुरलं. म्हातारा आल्यावर म्हणाली, "खिडकी उघडी राहिली, आबा. बगळ्यानं नेली असेल."

म्हातारा पुन्हा घुमा झाला. हेर्मेलिंदाच्या घेवड्याच्या उसळी अळणी होऊ लागल्या. माझ्यात हात घालवत नव्हता तिला. बरोबरच होतं.

मग प्रिएतोचे कल्ले आखडले.

"यालाही तेच," म्हातारा उठला. "याला तरी वाचवतो." त्याची बोटं माझ्यात शिरली, आणि हेर्मेलिंदानं त्याचं मनगट धरलं.

"नको, आबा. मोचा आजारी नव्हती. जमिनीवर यायला निघाली होती. बगळा-बिगळा काही नव्हता. मी मारली तिला. पाल समजले. याच बरणीतलं मीठ."

म्हाताऱ्याची बोटं माझ्यातच राहिली.

"जन्मभर यांनाच धरत आलो," तो म्हणाला, "आणि मला ओळखता आली नाही. आत मी मीठ घातलं, बाहेर तू. बिचारीनं जायचं तरी कुठं, पोरी?"

हेर्मेलिंदानं त्याची बोटं माझ्यातून काढून पुसली.

"बगळ्याची थाप मात्र वाईट," म्हातारा म्हणाला. "रोज त्याला दगड मारत होतो."

दुपारीच टाकीतलं पाणी बदलून चार बोटांवर आणलं. उतरता दगड ठेवला, वर ओलं शेवाळ, टाकीवर जाळीचं झाकण. पंधरा दिवसांनी प्रिएतो दगडावर चढला आणि त्यानं पापण्या मिटून उघडल्या. पाण्यात त्याला पापण्या नव्हत्या. आता तो म्हाताऱ्याच्या हातून गांडुळं खातो.

मला टाकीपासून दूर, दारापाशी ठेवलंय. हेर्मेलिंदानं लाकडाचं झाकण केलंय, घट्ट. ते काढायला दोन हात लागतात. तेवढा वेळ आधी मिळाला असता तर!

तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी उघडी बसलेली असेल. काही ओलं सरपटताना दिसलं तर माझ्याकडे धावू नका. आधी खाली वाका. बोटं मोजा.