सव्वा मूठ गहू

नॉर्वेहून आलेला आर्ने मंगळवारी पहूरला उतरला, तो आठवडाभर गावात राहून भाषा जिभेवर बसवायला. धुळ्याच्या ख्रिस्ती मिशनच्या साहेबांनी त्याची सोय अभिमन पाटलाच्या ओसरीवर लावली होती. पोरगा तेवीस वर्षांचा, ताडमाड, उन्हानं लालबुंद, आणि स्वभावानं निव्वळ गाय. बुधवारी हौसेनं औत हाकायला गेला, तर बैलांनीच त्याला बांधावर नेऊन सोडलं. गुरुवारी पारावर येशूची गोष्ट सांगितली. लोकांनी मन लावून ऐकली, आणि शेवटी म्हाताऱ्या तोतारामानं विचारलं, "मंग त्याले लेकरंबाळं किती?"

असं सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं. शुक्रवारी मात्र पठ्ठ्यानं घोळ घातला.

रविवारी खानदेशची देवी कानबाई घरोघरी बसायची होती. नवरा वारल्यापासून शेवंताबाईच्या, म्हणजे अभिमनच्या आईच्या घरचा रोट बंद पडला होता. यंदा नातू झाला म्हणून तिनं तो पुन्हा मांडला. रोट म्हणजे देवीचा नैवेद्य. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचे, दळायचे, आणि तो स्वयंपाक फक्त भाऊबंदांनी खायचा. परक्याला त्यातला कण नाही. सासरी गेलेल्या लेकीलाही नाही, बोला! म्हातारी सुपात गहू टाकत होती: हे अभिमनचे, हे बाळाचे. आर्ने कौतुकानं बघत होता. त्याच्या गावच्या चर्चमध्ये दान असंच गोळा व्हायचं. त्याला वाटलं, घरचं खातो-पितो, मग इथं हात आखडता का घ्यायचा? पुढे झाला, पोत्यातून मूठ भरली, वर चिमूटभर आणखी घेतले आणि सुपात टाकून मोकळा!

"अरे पोऱ्या, हाई काय करं तू!" शेवंताबाईनं कपाळाला हात लावला.

गव्हात गहू मिसळले, आता वेचणार कुठले? अभिमननं त्याला समजावून सांगितलं: ज्याची मूठ पडली तो रोटात आला. त्यानं आपला घास खाल्लाच पाहिजे, नाहीतर रोट मोडला. आणि मोडलेला रोट बाळाच्या जिवावर येईल, ही म्हातारीची धास्ती.

बोटीवर चढण्याआधी आर्नेनं बायबलवर हात ठेवून शपथ घेतली होती की मूर्तीपुढचं अन्न तोंडात घालणार नाही. खाल्लं तर सोमवारी धुळ्याला जाऊन साहेबांना सांगणं आलं, कारण खोटं बोलणं त्याला जमतच नव्हतं. साहेब कदाचित परतीच्या बोटीत बसवतील. शनिवारभर तो केळीच्या बागेत एकटाच फिरला. कोणी सांगितलं होतं शहाणपण करायला, असं स्वतःलाच बोल लावत राहिला.

रविवारी आरती झाली, पानं वाढली. पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी. आर्ने पानावर बसला, पण हात मांडीवरच.

"भाऊ, जबरदस्ती नही शे," अभिमन हळूच म्हणाला.

शेवंताबाई म्हणाली, "तुना देवले ईचारी ले. तवलग आम्ही बी थांबतस."

आणि खरंच, एकानंही घास उचलला नाही. खीर निवली, माशा घोंगावू लागल्या. कानबाईसमोर सगळं घर उपाशीपोटी त्याच्या देवाच्या उत्तराची वाट बघत बसलं. आर्नेनं डोळे मिटले. देव काही बोलला नाही. डोळे उघडले तर सून मांडीवरच्या बाळाला पदरानं वारा घालत होती, आणि सकाळपासून पाणीही न प्यालेल्या म्हातारीचे ओठ सुकून गेले होते. त्याला स्वतःची लाज वाटली. या माणसांबद्दल माया दाटून आली. त्यानं पोळीचा तुकडा मोडला, खिरीत बुडवला आणि खाल्ला.

म्हातारीनं सुस्कारा सोडला. मग काय, सगळे तुटून पडले.

जेवणं उरकल्यावर ती त्याच्यासमोर येऊन बसली. "आते तू आम्हना भाऊबंद. मी पिकेल पान, कवय गळसू काय सांगता येस? मी मरनू ते तुले बी दहा दिन सुतक. तू तुना देशमा ऱ्हाय, नहीतर कोठे बी ऱ्हाय. पाळशी ना?"

मरणानंतरचं जीवन कसं असतं ते सांगायला आर्ने सात समुद्र ओलांडून आला होता. आपल्या मरणात वाटा मात्र त्याला आजवर कोणीच दिला नव्हता.

"पाळसू, माय," तो म्हणाला, आणि लहान पोरासारखा रडायला लागला.