बसता यायला हवं

मी स्टूल बोलतोय, वॉर्डातलं. खाटेशेजारचं. माझा एक पाय आखूड आहे, त्यामुळे जिवाला स्वस्थता म्हणून नाही. सुताराला जेवायच्या सुट्टीआधी मला उरकायचं होतं, दुसरं काय!

माझ्यावर नातेवाईक बसतात, डबे बसतात, ओला टॉवेल बसतो. डॉक्टर तेवढा बसत नाही. खाटेच्या पायथ्याशी उभा, एक पाऊल दाराकडे. बोलून झालं की गेला.

परवा मला बैठकीच्या खोलीत नेलं. खुर्ची कमी पडली होती. डॉक्टरला काय काय आलंच पाहिजे, याची एक यादी असते म्हणे. ती जुनी झाली, नवी करायची, म्हणून डॉक्टर, सिस्टर, पेशंटची माणसं, सगळ्यांना विचारत होते. माझ्यावर एक रंगारी बसला. गेल्या वर्षी त्याची बायको आमच्याच वॉर्डात गेली. तेव्हाही तो माझ्यावरच बसायचा. वजन ओळखलं मी. उतरलंय.

"काका, तुम्ही सांगा," मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डॉक्टरला काय यायला हवं?"

"बसता यायला हवं."

खसखस पिकली. बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'रुग्णाशी सुसंवाद'.

"ते नाही म्हणालो मी. बसा म्हणालो."

"काका, अर्थ तोच."

"तोच कसा? तुमचा डॉक्टर उभ्या उभ्या सुसंवाद करून गेला की! चांगलं बोलला, खोटं कशाला सांगू. हिला काहीतरी विचारायचं होतं. तोंड उघडलं, तोवर तो दारात. मी म्हटलं, काय गं? म्हणाली, राहू दे, उद्या विचारीन." रंगाऱ्याने फळ्याकडे पाहिलं. "दुसऱ्या दिवशी तिची वाचाच गेली. काय विचारायचं होतं, मला अजून माहीत नाही."

तो पुढे सरकून बसला. त्याच्याबरोबर मीही खडखडलो.

"पेशंट किती असतात, काका," एक तरुण डॉक्टर पुटपुटला. "एकदा बसलो की उठवत नाही." खरंच बोलला. डोळे तारवटलेले होते बिचाऱ्याचे.

बाईंनी सुसंवाद पुसला. 'रुग्णाजवळ बसून बोलणे' लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह. पुढच्या बैठकीत ठरेल म्हणे.

आज सकाळी तोच तरुण डॉक्टर वॉर्डात आला. बोलला, दाराकडे वळला, थबकला. मला ओढलं आणि टेकला! खाटेवरच्या म्हातारीने तोंड उघडलं. मी चारही पाय गच्च रोवायला गेलो आणि डुगडुगलोच.

"अरे, मोडेल हे," म्हणत तो उठला. गेला.

म्हातारीने तोंड मिटलं.

तुमची यादी होईल तेव्हा होईल. आधी माझ्या पायाखाली कुणीतरी पुठ्ठा घाला रे. तिचं विचारायचं राहिलंय.