खरवतीची पानं

हैबतीने मुंबईहून गिटार आणली आणि त्याच्या बायकोला, ठकूबाईला, सवत आली म्हणून अख्ख्या कुडपण गावात बोभाटा झाला. एकसष्ट सालचे गणपती होते. आदल्या गणपतीला हैबती घरी आलाच नव्हता, त्यामुळे चेष्टा जरा बोचरीच होती. ठकूबाई सगळ्यांबरोबर हसली. पण माणूस तिकडचाच झाला तर, या भीतीने तिला जेवण जाईना.

हैबती मुंबईला हॉटेलात कामाला होता. तिथल्या एका गोवेकराने त्याला गिटार शिकवली होती. बायकोला ऐकवायला त्याने एक चाल बसवली होती, पण इथल्या धुक्यात गिटारच्या मानेवरचं, हातात धरायच्या दांड्यावरचं, चकचकीत वार्निश चिकट व्हायचं. अंगठा अडकायचा, चाल मध्येच तुटायची.

"हितं नाय जमायचं," तो वैतागून म्हणाला. "ही मुंबयलाच बरी."

ठकूबाईच्या काळजात चर्र झालं. कोयत्याच्या मुठीला चोपडतात तसं तिने मानेला खोबरेल चोपडलं. झालं, आगीतून फुफाट्यात! अंगठा आणखीच फसू लागला.

"ऱ्हाऊ दे गो," शेजारची बनुबाई म्हणाली. "सवतीचं कसलं लाड?"

पण ठकूबाईचा बाप नांगर घडवायचा. धरणाऱ्याच्या हाताला फोड येऊ नयेत म्हणून नांगराचं रुमणं तो खरवतीच्या खरखरीत पानांनी घासायचा. हैबती ओढ्यावर गेल्यावर तिने पानं तोडून आणली आणि बोटं सोलवटेपर्यंत मान घासली. चकाकी गेली. मान जुन्या मुसळासारखी गुळगुळीत झाली.

"काय केलंस गो! नवी कोरी गिटार!" परत आलेला हैबती ओरडला.

"धरून तर बघा," ती रडवेली होऊन म्हणाली.

त्याने धरली. अंगठा सुळकन सरकला. चाल पहिल्यांदाच शेवटापर्यंत वाजली. ठकूबाईला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण डोळ्यांचं पाणी काही खळेना. बाई खरंच सुखावली होती.

निघायच्या दिवशी पोलादपूरला यष्टीपाशी तिने त्याच्या हातात पानांची जुडी दिली.

"हाताच्या घामानं परत चकाकी धरंल. तवा घासा."

"आणि पानं सरली तर? मुंबयत खरवत नाय."

"मंग या की घरी."

हैबतीने जुडी सुटी केली. चार पानं स्वतःजवळ ठेवली आणि बाकीची तिच्या ओंजळीत परत घातली.

"येवढीच बस," तो म्हणाला. "लवकर सरतील."