कळवलेली असोत वा नसोत

करार वाचणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. सह्या करणारे भेटतात. पहिल्या पानावर आपलं नाव नीट लिहिलंय का ते बघतात, मधली अकरा पानं भराभर उलटतात आणि शेवटच्या पानावर पेन टेकवतात. एका वृद्धाश्रमाच्या कचेरीत करार लिहायचं काम मी सतरा वर्षं करते आहे. त्या मधल्या अकरा पानांवर माझं पोट चालतं आणि, खोटं कशाला बोलू, माझा तोराही.

पहिल्या कलमात व्याख्या असतात. लोकांना वाटतं, हा शाळेतला कंटाळा आहे. पण खरी मेख तिथंच मारलेली असते. आमच्या करारात लिहिलंय: ‘कार्यधोरणे म्हणजे संस्थेने वेळोवेळी ठरवलेली, बदललेली वा रद्द केलेली, लेखी अथवा अन्य स्वरूपातील सर्व धोरणे, पद्धती आणि सूचना, मग ती कर्मचाऱ्यास कळवलेली असोत वा नसोत.’ पुढं चौथं कलम अगदी साधं आहे. कर्मचारी कार्यधोरणं पाळेल. न पाळल्यास नोकरी त्याच क्षणी संपेल. म्हणजे नियम हवा तेव्हा बदला, कराराला हात लावायला नको, पुन्हा सह्या नकोत, कुणाची मनधरणी नको. व्याख्येतले शेवटचे चार शब्द खास माझे. ते वाचून संचालक म्हणाले होते, “मॅडम, तुम्ही भयंकर आहात.” मी ते कौतुक समजले आणि आठवडाभर त्याच्यावर खूश होते.

माझी धाकटी बहीण याच करारावर सही करून आमच्याकडं अटेंडंट म्हणून लागली. आईची उजवी बाजू लुळी पडल्यावर तिला मी आमच्याच आश्रमात ठेवलं होतं, पहिल्या मजल्यावर. धाकटीला आईजवळ राहायचं होतं. मी करार पुढ्यात ठेवला, तर म्हणाली, “तू लिहिलंयस ना ताई? मग काय वाचायचं त्यात.” मी पण आग्रह केला नाही. सहीची जागा तेवढी बोटानं दाखवली.

काम ती जीव ओतून करायची. आमच्या कचेरीत असं काम करणाऱ्याला जरा खुळं समजतात.

आता उचलण्याचा नियम. रहिवाशाला पलंगावरून किंवा खुर्चीवरून दोघींनी मिळून उचलायचं, असा तो होता. दहा महिन्यांपूर्वी प्रत्येक मजल्यावर चारऐवजी दोन अटेंडंट ठेवायचं ठरलं, तेव्हा मी त्यात एक वाक्य घातलं: दुसरी उपलब्ध नसल्यास एकटीने उचलावे. नवं पान फाइलमध्ये लावलं, जुनं पान कागद कापायच्या यंत्रात घातलं. एका वेळी एकच पान असलं की वाद होत नाहीत, ही माझी शिस्त. त्या दुपारी डबा खाताना धाकटीनं विचारलं होतं, “माणूस जड असला तर काय करायचं?” मी म्हणाले, “थांबू नकोस, उचल. खोळंबा झाला की तक्रार येते.”

मंगळवारी सकाळी तिनं एकटीनं मास्तरांना उचललं. मास्तर म्हणजे नव्वदीला टेकलेले, अंगानं थोराड गृहस्थ. आयुष्यभर शाळेत शिकवलेलं, म्हणून सगळा मजला त्यांना मास्तर म्हणायचा. दुसरी मुलगी चादरी द्यायला खाली गेली होती. संडासाच्या खुर्चीवरून उठवताना त्यांचा पाय सरकला, दोघं पडले आणि मास्तरांचं कंबरेजवळचं हाड मोडलं. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत धाकटी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन ओल्या फरशीवर बसून होती.

बुधवारी मास्तरांच्या मुलीचं पत्र आलं. तिनं एकच गोष्ट विचारली होती: मजल्यावर माणसं किती होती? मुलगी हुशार होती. तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं असतं, तर खापर थेट संचालकांच्या डोक्यावर फुटलं असतं.

संचालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि स्वतः उठून दार लावलं.

“कुठल्या धोरणाचा भंग झाला, ते काढा,” ते म्हणाले.

“भंग झालेला नाही सर. एकटीनं उचलावं, असं फाइलमध्येच आहे.”

“ते वाक्य अजून आहे?”

“आहे.”

ते खिडकीशी गेले. मग म्हणाले, “मी सोमवारी सकाळीच ठरवलं होतं, की यापुढं एकटीनं उचलायचं नाही. चहा घेता घेता ठरवलं. तुम्हाला सांगायचं राहून गेलं.”

“लेखी काही नाही?”

“लेखी अथवा अन्य स्वरूपातील,” ते म्हणाले. माझी व्याख्या त्यांना पाठ होती.

अन्य स्वरूपातील म्हणजे तोंडी सूचना, असं धरून मी ते लिहिलं होतं. साहेबाच्या डोक्यात चहाबरोबर उगवलेला विचारही त्यात बसेल, हे मला सतरा वर्षांत सुचलं नव्हतं. आणि तो अगदी चपखल बसत होता. खरं सांगते, मी हादरले, ते आधी बहिणीसाठी नव्हे. आपण इतकं पक्कं काम केलंय, यानंच. बहीण नंतर आठवली.

“सर, ती माझी सख्खी बहीण आहे,” मी म्हणाले.

“म्हणूनच तुम्ही लिहिलेलं बरं. बाहेरचा कुणी इतकं सांभाळून घेणार नाही.”

मी जागेवर आले, वाक्य काढलं, पानावर सोमवारची तारीख घातली आणि जुनं पान यंत्रात सोडलं.

गुरुवारी चौकशी झाली. लांब टेबलाच्या एका बाजूला संचालक आणि मी, समोर धाकटी. तिच्या कोपराला पडल्याची पट्टी होती. मी व्याख्या वाचली, चौथं कलम वाचलं, नवं पान वाचलं. माझा आवाज कुठंही अडखळला नाही.

“पण सोमवारी ठरलेलं मला कळणार कसं?” तिनं विचारलं.

“कळवलंच पाहिजे असं नाही. पहिलं कलम,” मी म्हणाले.

तिला आधी ते समजलंच नाही. मग चेहरा जरा उजळला, कारण तिला वाटलं, ताईला आठवत नसेल. “अगं ताई, तूच नाही का सांगितलंस? डबा खाताना. थांबू नकोस, उचल, म्हणालीस.”

संचालक माझ्याकडं वळले. “असं सांगितलं होतं तुम्ही?”

हो म्हणायला एक क्षण पुरला असता. हो म्हटलं असतं, तर दोघींची नोकरी गेली असती, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण त्या क्षणी माझ्या मनात असा काही हिशेब नव्हता. तिनं मला साहेबांसमोर ताई म्हटलं, याचाच राग आला होता.

“नाही,” मी म्हणाले.

धाकटी भांडली नाही. पुढं केलेल्या कागदावर सही केली, या वेळी पूर्ण वाचून, एकेका ओळीवर बोट ठेवून. उठताना तिनं संचालकांना विचारलं, “आईला भेटायला येऊ ना? दुपारी तिला भरवायला?”

काढून टाकलेल्या कर्मचाऱ्याला आवारात येऊ द्यायचं की नाही, याचं आमच्याकडं धोरणच नव्हतं. तशी वेळ कधी आली नव्हती. संचालकांनी खांदे उडवले. “हा तुमच्या घरचा मामला. मॅडम, तुम्हीच ठरवा. तुम्ही ठरवाल ते धोरण.”

मला वाटलं तर मी त्याच जागी हो म्हणू शकत होते. तिथं मला कुणी अडवणार नव्हतं, नोकरी जाणार नव्हती, साहेबांनाही सोयरसुतक नव्हतं. पण धाकटी आईजवळ बसली असती, तर आईला सगळं कळलं असतं. आईचं शरीर अर्धं गेलं होतं, डोकं शाबूत होतं. ती माझ्याकडं कशी बघेल, तेच मला नको होतं. मी भ्याले, दुसरं काही नाही.

“प्रवेश देता येणार नाही,” मी म्हणाले. “रहिवाशांच्या सुरक्षिततेसाठी.” फाटकावरच्या वॉचमनला तिचा फोटो मीच नेऊन दिला.

आई शुक्रवारी जेवली नाही. शनिवारीही नाही. नवी अटेंडंट चमचा पुढं करायची आणि आई ओठ घट्ट मिटून दाराकडं बघत पडून राहायची. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. त्या दुपारी मी स्वतः सूपचा वाडगा घेऊन आईच्या खोलीत गेले. खिडकीतून फाटक दिसत होतं. फाटकाबाहेर धाकटी उभी होती, छातीशी डबा धरून. वॉचमन तिच्याशी बोलायचं टाळत होता. मी पडदा ओढला आणि आईजवळ बसले.

“धाकटी?” आईनं विचारलं. जीभ जड झाल्यापासून तिला एवढाच शब्द नीट म्हणता यायचा.

“ती आता यायची नाही, आई,” मी म्हणाले. “कंटाळली तुझं करून करून. मला म्हणाली, तूच बघ आता तिचं.”

आई माझ्याकडं बघत राहिली. मी तिची नजर चुकवली नाही. ते मला जमतं. तिच्या चांगल्या बाजूच्या डोळ्यातून पाणी आलं, ते मी रुमालानं टिपलं आणि चमचा तिच्या ओठांना लावला.

तिनं तोंड उघडलं. सगळा वाडगा संपवला आणि दाराकडं एकदाही बघितलं नाही.