आखाजीची डबल कॅबिन

माझा स्वभाव वाईट आहे, हे गावाने सांगायच्या आधी मीच सांगतो. नाव अभिमन आहे, त्याला मी तरी काय करणार? शेतकऱ्यांचा कांदा, मका, कापूस पिकअपमधून पारोळ्याच्या बाजारात पोचवायचा आणि हंगामात गाडीमागे थ्रेशर जोडून या खळ्यातून त्या खळ्यात न्यायचं, हा माझा वीस वर्षांचा धंदा. यात कुणाशी गोड बोलावं लागत नाही. गाडीला कितीही शिव्या घाला, ती सोडून जात नाही.

मागच्या होळीनंतर ती सोडून गेली. इंजिन बसलं. माझा मुलगा योगेंद्र, चोवीस वर्षांचा, गाडीखालून काळे हात घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "आबा, हिनं सरनं. आते नवी देखा."

मग नवी बघणं सुरू झालं. धुळ्याच्या एका शोरूममध्ये आम्ही सहा वेळा गेलो. चौथ्या वेळेपासून तिथल्या माणसाने चहा विचारणं बंद केलं. मनात दोनच गाड्या होत्या. एक लांब हौद्याची, पुढे ड्रायव्हर आणि शेजारी एक जण, संपलं. दुसरी डबल कॅबिन, म्हणजे आत पाच माणसं बसतील, पण मागचा हौदा आखूड. मी टेप घेऊन हौदा मोजायचो आणि योगेंद्र खाली झोपून पाटे, चासी आणि हुक बसवायची जागा तपासायचा. नरडाण्याला ओळखीच्या एकाकडे तशीच डबल कॅबिन होती. तिला भरलेली ट्रॉली जोडून योगेंद्रने चढावर दोन फेऱ्या मारून पाहिल्या.

"थ्रेशर ओढाले ही पुरी पडस, आबा," तो म्हणाला. "नी आई आतमा बठी."

त्याची आई, मंजुळाबाई, वीस वर्षं हौद्यात बसून बाजाराला आली. गोण्यांवर, तोंडावर पदर घेऊन, उन्हात. पुढची सीट माल ज्याचा असेल त्याची. हे मला कधी खुपलं नाही आणि पोराला लहानपणापासून खुपत होतं.

मी म्हणालो, "हौदा आखूड म्हणजे दहा गोण्या कमी. त्या काय तुनी माय डोकावर लई जाई?"

तो पाणी प्यायला गेला. मी मात्र तेवढ्यात शोरूमला फोन केला. डबल कॅबिन ठेवा, आखाजीला नेतो. पुढच्या काचेवर रेडियमने नाव टाका, योगेंद्र. हे मी घरात कुणालाही सांगितलं नाही.

का नाही सांगितलं? आमच्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीने ठेवलेल्या गड्याचं, साल आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, संपतं आणि नवं साल आखाजीलाच ठरतं. महिनाभर आधीपासून मालक आणि सालदार दोघेही गप्प असतात. जो आधी तोंड उघडतो, तो पडतं घेतो. माझ्या बापाने सगळी माणसं अशीच ठरवली, मीही अशीच ठरवली. पोटचा पोर म्हणजे सालदार नव्हे, एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली नाही.

त्याच दिवसांत माझा पुतण्या प्रेमराज याचा सुरतेहून फोन आला. तिथल्या गिरणीत यंत्रं दुरुस्त करणारा माणूस हवा होता.

"आबा, प्रेमराज इचारस. मी जाऊ का ऱ्हाऊ?"

"आखाजी व्हऊ दे."

आठ दिवसांनी त्याने पुन्हा विचारलं. "गाडी कोनती ठरनी, तेवढं तरी सांगा."

"आखाजी व्हऊ दे, एकदाव सांगं ना तुले."

मंजुळाबाई चुलीपुढून म्हणाली, "मूग गिळी बठनात का? एक शब्द सांगी द्या पोरले."

मी उठून बाहेर गेलो.

आखाजीला चार दिवस उरले असताना तो निघाला. जाण्याआधी त्याने सगळे पाने रॉकेलने पुसले आणि लहानमोठे लावून खिळ्यांना टांगले. माझ्या पाया पडला. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, "पाणीनी बाटली लिधी का?"

मला वाटत होतं, चार दिवसांचाच प्रश्न आहे. फोटो पाहिला की पोरगा परतीची पहिली गाडी धरेल.

आखाजीला पितरांची घागर भरली, धुळ्याहून गाडी आणली, काचेवरच्या नावाला हार घातला आणि फोटो पाठवला. त्याचा फोन आला.

"भारी शे, आबा." तो म्हणाला. "पहिले सांगतात तर मी जातूच ना. आते आठे सुरतमा साल धरेल शे. शब्द देल शे."

दिलेला शब्द मोडायचा नाही, हे त्याला मीच शिकवलं होतं.

मंजुळाबाई मागच्या सीटवर एकदाच बसली, पारोळ्यापर्यंत. उतरताना म्हणाली, "पोऱ्याना बिगर हाई जागा माले नही जोयजे." तेव्हापासून ती एसटीने जाते. मी पाच माणसांच्या गाडीत एकटा फिरतो, दहा गोण्या कमी घेऊन. कशातच राम वाटत नाही. शिव्या द्यायचीही इच्छा होत नाही.

परवा मक्याचं थ्रेशर घेऊन चाळीसगावच्या बाजूला गेलो होतो. शेतकरी अनोळखी, खळं अरुंद. थ्रेशर जोडलेली गाडी मागे घेणं सोपं नसतं. स्टेअरिंग डावीकडे फिरवलं की थ्रेशर उजवीकडे जातं, आणि मागे काय चाललंय ते ड्रायव्हरला दिसत नाही. दहा वर्षं थ्रेशरच्या मागे योगेंद्र उभा असायचा. "येऊ द्या आबा, येऊ द्या, बस." मी आरशात बघतसुद्धा नसे.

शेतकऱ्याने काचेवरचं नाव वाचलं. "ल्या मांगे, योगेंद्रभाऊ."

मी मागे घेतली. थ्रेशर वाकडं गेलं. पुढे घेतली, पुन्हा मागे घेतली, पुन्हा वाकडं. तिसऱ्या वेळेस ते बांधाला घासलं. मी इंजिन बंद केलं आणि स्टेअरिंगवर हात ठेवून बसून राहिलो.

तो खिडकीशी आला. "योगेंद्रभाऊ, मांगे उभा ऱ्हावाले मानूस नही का तुमनाकडे?"

"शे ना," मी म्हणालो. "त्याले 'ऱ्हाय' सांगालेच उशीर व्हयना."