खळ घातलेलं जाकीट

भूपेंद्र दारात येऊन उभा राहिला तेव्हा सव्वाअकरा वाजले होते, आणि अंजनाबाईचं अजून काहीच ठरलं नव्हतं. चार दिवस ती एकाच विचाराभोवती घुटमळत होती. बोलावं, तर नवऱ्याचा हात आपण भाजला असं आपल्याच तोंडाने कबूल करायचं. न बोलावं, तर दुसऱ्या कुणाचा हात भाजायची वाट बघायची. आणि खरं काय, ते तर तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

भूपेंद्र फाउंड्रीतला सेफ्टी ऑफिसर. वय तिशीचं, आईवडील गोंदियाकडचे, शाळा सगळी हिंदीतून झालेली. घराबाहेर त्याचं मराठी पाच वाक्यंसुद्धा टिकत नसे. त्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती आणि तीत जाकिटाची उजवी बाही, कोपरापर्यंत जळलेली.

"काका, अब कैसा लग रहा है?"

"हात माहाच हाय का, असं वाटते कधीकधी," खाटेवरून देवीदास म्हणाला. मनगटापासून कोपरापर्यंत त्याला पट्टी होती. "बस. अंजना, चाय ठेव."

भट्टीवरच्या माणसांना मिळणारं ते निळं जाकीट साध्या कापडाचं नसतं. ठिणगी पडली तर कापड तेवढ्या जागी काळं पडतं आणि ठिणगी विझते. एकोणीस वर्षं देवीदासच्या अंगावर ठिणग्या अशाच पडून विझल्या होत्या. सात मार्चला सकाळी लॅडलमधून, म्हणजे लांब दांड्याच्या पळीतून, लोखंडाचा रस ओतताना मात्र त्याची बाही भडकली. शेजारच्या राजकुमारने हातमोज्यांनी चापटून चापटून ती विझवली, म्हणून आग कोपराशीच थांबली.

बाही पेटली कशी, याचं उत्तर भाऊरावांकडे तयार होतं. ते खात्यातले सगळ्यात जुने मिस्त्री. काल संध्याकाळी येऊन ते सांगून गेले होते, "जाकिटाचा नवा लॉट खराब हाय, देवीदास. मी पयल्याच दिवशी बोललो होतो. सायब येईन, त साध्या पाण्यात धुतलं एवढंच सांगायचं. बाकी फाटे फोडायचे नाहीत."

देवीदासने मान हलवली होती. अंजनाबाईने हलवली नव्हती, पण तिच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

भूपेंद्रने कागद काढला. "जाकीट कोण धुतं?"

"मीच," ती म्हणाली.

"कशाने?"

"साध्या पाण्यात," देवीदास मध्येच म्हणाला.

"काका, काकूंना बोलू द्या ना." त्याने बाही उलटी केली, पुन्हा सुलटी केली. "जाकिटाच्या कॉलरमागे एक पट्टी असते. कसं धुवायचं ते लिहिलेलं. काका के जाकीट में नहीं मिली."

"मानेले टोचे त्याईले. मी कापून टाकली."

"वाचली नाही?"

"इंग्रजी होतं, बापू. बारीक बारीक. तुमाले तरी वाचता येते का एवढं बारीक?"

भूपेंद्र हसला, पण लिहिलं त्याने. देवीदासने खाटेवर कूस बदलली.

अंजनाबाई चहाच्या निमित्ताने आत गेली. ओट्यावर, चहाच्या डब्यामागे, कापडाच्या तीन चिंध्या होत्या. जाकिटाच्या बाह्या लांब होत्या म्हणून तिने कापून दुमडल्या होत्या. हे तेच उरलेलं कापड. काल दुपारी तिने एक चिंधी कोरडी ठेवली आणि दोन भाताच्या पेजेत बुडवून उन्हात वाळवल्या. मग चिमट्यात धरून एकेक गॅसवर नेली. कोरडी काळी पडली आणि विझली. पेजेतली पहिली भसकन पेटली, एवढी, की चिमटा हातातून सुटला. दुसरी मात्र कोरडीसारखीच विझली. आता यातून माणसाने काय समजावं? ती तिन्हींकडे बघत बसली आणि आधी होती त्याहून जास्त गोंधळली.

खळीचं निमित्त सेफ्टी डेचं होतं. चार मार्चला देवीदासला स्टेजवर बोलावणार होते. वर्षभरात एक ओरखडासुद्धा नाही, म्हणून बक्षीस. नवरा स्टेजवर चुरगळलेल्या जाकिटात जाणार, हे तिला पटेना. तिची आई तुमसरला धोतरांना जशी खळ घालायची तशी तिने भाताची पेज गाळून जाकिटाला घातली आणि वरून इस्त्री फिरवली. जाकीट असं ताठ झालं की खुंटीवर आपणच उभं राहिल्यासारखं दिसे. मॅनेजर माइकवर म्हणाले, "ड्रेस ऐसी होनी चाहिए." तो फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला.

दुसऱ्याच दिवशी गल्लीतली रत्नमाला, राजकुमारची बायको, आणखी दोघींना घेऊन आली. "आमाले बी सांग वं, कसं केलं ते. आमचा तर गोणपाट घालून गेल्यावाणी दिसते." आणि अंजनाबाईने मोठ्या फुशारकीने सांगितलं होतं. पेज किती, पाणी किती, मीठ चिमूटभर.

चहा घेऊन ती बाहेर आली तेव्हा भूपेंद्र म्हणत होता, "लॉटचा कपडा लॅबला पाठवतोय. पंधरा दिवसांत रिपोर्ट येईल."

"तोवर काय घालतीन लोक?" तिने विचारलं.

"तेच जाकीट. दुसरं आहे कुठे?"

तिने कप खाली ठेवला.

"मी खळ घातली होती," ती म्हणाली.

"अंजना!" देवीदास ओरडला.

"क्या घातली?" भूपेंद्रला शब्दच कळला नाही.

"कांजी. भाताची. स्टेजवर जायचं होतं म्हणून. त्याच्यानंच पेटलं का, मले माहीत नाही. मी गॅसवर पाहिलं, एक चिंधी पेटली, एक नाही पेटली. पण राजकुमारच्या रत्नमालानं बी घातली हाय. मीच शिकवली."

भूपेंद्रचं पेन थांबलं. "स्टार्च? काकू, स्टार्च तर जळतं... राजकुमार आज कोणत्या शिफ्टला आहे?"

"सकाळीच गेले ना ते."

त्याने फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. शिफ्ट इन्चार्जला दोनदा सगळं सांगावं लागलं. भट्टीच्या आवाजात त्याला निम्मंच ऐकू येत होतं. मग राजकुमार फोनवर आला.

"हो, खळ हाय. एकदम कडक. काहून?"

"काढून टाका ते. अभी."

"काढतो, पण घालू काय? पाच मिनिटांत रस ओतायचा हाय."

अंजनाबाईने भूपेंद्रकडे पाहिलं. शिकलेल्या माणसाला तरी ठाऊक असेल असं तिला वाटलं होतं. जाकीट काढून भट्टीसमोर उभं राहता येत नाही आणि ते घालूनही राहता येत नाही.

"पीछे हटो पहले," तो म्हणाला.

"मी हटलो त लॅडल कोण धरन? इन्चार्ज ओरडून राहिले, रस थंडा होते म्हणून."

अंजनाबाई फोनवर वाकली. "राजकुमार भाऊ, मी अंजना. मले पक्कं माहीत नाही, पण तुमी मांगं सरा. त्याईचा हात तुमीच विझवला ना? मंग सरा मांगं. इन्चार्जले मी बोलतो पायजे त."

फोनमधली भट्टीची घरघर कमी झाली.

"सरलो, वयनी," राजकुमार म्हणाला. मागे कुणीतरी शिवी हासडली.

देवीदास उठून बसला होता. "पक्कं माहीत नाही, त काहून बोलली? आता कागदावर माहंच नाव चढन. बक्षीसवाला मानूस, अन् घरात कांजी. भाऊराव काय म्हनन?"

"म्हनू द्या."

"अन् लॉटच खराब निघाला त?"

लॉटही खराब असू शकतो, पेजही कारण असू शकते, दोन्ही मिळूनही असू शकतं. तिने पट्टीतल्या हाताकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

"काकू," भूपेंद्र म्हणाला, "रत्नमालासोबत आणखी दोघी होत्या ना? नाव?"

"एक वच्छला. तिचा मानूस दुपारच्या पाळीत जाते. दुसरी..." ती आठवत राहिली. दुसरी नवीनच राहायला आली होती. कडेवर पोर घेऊन सारखी हसत होती. नाव विचारायचं राहूनच गेलं होतं. "नाव माहीत नाही. घर दाखवतो, चाला."

घड्याळात बारा वाजत आले होते. दुपारची पाळी दोनला सुरू होत होती. तिने चपला घातल्या.